पाटाचे पाणी

परवा पिंपळगाव राजाच्या एस. टी. थांब्यावर उभा असता शेगावकडे निघालेल्या एका दिंडीतून ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा जयकार कानी आला, आणि जन्मभर ऐकलेल्या त्या बिरुदाच्या पहिल्याच पदापाशी मन अडखळले. कारण जगे असंख्य आहेत, असे म्हणणे हे ज्याच्यावरील आरोपांचे एक कलम होते, त्या जोर्दानो ब्रूनोला रोममध्ये १६०० साली जिवंत जाळण्यात आले होते. आमच्याकडे तेच कलम टाळांच्या नादात, डोईवर ऊन घेऊन, बिनदिक्कत डांबरी रस्त्याने चालले होते.

लहानपणी वैशाखात आम्ही धाब्यावर निजत असू. कुठल्याशा पुस्तकात वाचलेली हकीकत मी एका रात्री आजीला मोठ्या ऐटीत सांगितली: इटलीच्या स्किआपारेल्लीला १८७७ साली मंगळावर रेषा दिसल्या, त्याने त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ नुसते ओहोळ असाही होई, इंग्रजीत त्या ओहोळांचे कालवे झाले, आणि अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेलने तर त्या कालव्यांवर सबंध मुलूखच वसविला, सुकत चाललेला ग्रह, ध्रुवावरचे वितळते हिम, आणि ते पाणी विषुववृत्तापर्यंत खेळविणारे शहाणे रहिवासी. कोरडवाहू कपाशीवर आणि सरकारी आणेवारीवर जिचे आयुष्य गेले ती आजी क्षणभर गप्प राहिली, मंगळ कोणता ते तिने विचारून घेतले, आणि म्हणाली, “आपल्या मोटेचं पानी मिरचीच्या वाफ्यापर्यंत जाता जाता आर्धं मुरते, अन् थे हजार कोस पाट नेतेत? काही सांगतं बाप्पा!”

मी हसलो. पुष्कळ वर्षांनी आल्फ्रेड रसेल वॉलेसचे १९०७ सालचे पुस्तक हाती पडले. डार्विनच्या बरोबरीने निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या पंडिताने लोवेलची कैफियत जवळपास आजीच्याच मुद्द्यावर खारीज केली होती: उघड्या कालव्यातले पाणी शंभर मैलांच्या आतच उडून वा जिरून जाईल. तरीही लोवेलला हसणे मला रुचत नाही. ॲरिझोनाच्या रखरखीत मुलखात दुर्बीण रोवून बसलेल्या माणसाला आकाशात पाणी दिसावे, हे वऱ्हाडातल्या माणसाला तरी समजावे.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने धाडलेल्या छायाचित्रांत कालवा एकही नव्हता; होती ती विवरे. तसले एक आमच्याच जिल्ह्यात लोणारला आहे, काळ्या बेसाल्टात उल्काघाताने पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. मंगळाचा अभ्यास करणारे ते पाहावयास येतात. तळाशी खारे पाणी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. त्या पाण्यावर मिरची होत नाही.