हुलकावणी आणि खो

बारा वर्षांच्या मुलाला ‘तुला भावाचा हेवा वाटतो का?’ असं विचारलं, तर तो ‘नाही’ म्हणेल आणि चेंडू उचलून बाहेर जाईल. खरं उत्तर बाहेर, मैदानावर मिळतं. भाऊ मोकळा उभा आहे, हात वर करून चेंडू मागतो आहे, आणि हा पास द्यायच्या ऐवजी एकटाच पुढे घुसतो. किंवा पास देतो, पण गरजेपेक्षा जोरात. घरात ज्या भावनेला तोंड फुटत नाही, ती हातापायांतून बोलून जाते.

हे बोलणं कागदावर उतरवणं फार अवघड. अमेरिकन कवी क्वामी अलेक्झांडर यांनी ते ‘द क्रॉसओव्हर’मध्ये साधलं आहे. २०१४ साली आलेली ही किशोरांसाठीची कादंबरी अथपासून इतिपर्यंत कवितांत लिहिलेली आहे. २०१५ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळालं. मुलांच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत त्याहून मोठा मान नाही. जॉश आणि जॉर्डन, म्हणजे जेबी, हे जुळे भाऊ एकाच शाळेच्या बास्केटबॉल संघात आहेत. वडील एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू, आई त्याच शाळेत उपमुख्याध्यापक. पुस्तकाचे भागही सामन्यासारखे पाडले आहेत: आधी वॉर्म-अप, मग चार क्वार्टर, शेवटी ओव्हरटाइम.

पहिल्याच कवितेत जॉश चेंडू घेऊन निघतो आणि छापील ओळ त्याच्याबरोबर निघते. अक्षरं लहानमोठी होतात, शब्द घसरतात, उड्या घेतात. ओळीच्या मधली मोकळी जागासुद्धा खेळते. ज्या मुलाला वर्गात कवितेचा तास जड जातो, त्याला इथे कविता आधी डोळ्यांनी आणि पायांनी कळते, अर्थ मागाहून येतो. हा क्रम मला फार योग्य वाटतो. लहानपणी आपण बडबडगीतंही अशीच शिकलो, आधी ताल आणि मग अर्थ.

क्रॉसओव्हर ही बास्केटबॉलमधली हुलकावणी. खेळाडू चेंडू आपटत एका बाजूला झेपावल्यासारखं करतो, समोरचा त्या बाजूला झुकतो, आणि त्याच क्षणी चेंडू या हातातून त्या हातात जातो. खेळाडू दुसरीकडून निघून जातो. मला वाटतं, रूपक याहून वेगळं काही करत नाही. ते चेंडूबद्दल बोलतं आणि भावाकडे वळतं. वाचणारा मुलगा खेळाची गोष्ट म्हणून सावधपणा सोडून बसलेला असतो, तेवढ्यात कविता त्याच्या मनातल्या दुखऱ्या जागी पोचलेली असते. ‘मत्सर वाईट’ असं थेट सांगितलं असतं, तर त्यानं ती वाट कधीच अडवली असती.

जॉशच्या केसांचंच पाहा. त्याच्या डोक्यावर लांब जटा आहेत, आणि त्या त्याला पंखांसारख्या वाटतात. जेबीचं डोकं मात्र तुळतुळीत. दोघे दिसायला एकसारखे, ओळखायची ठळक खूण ही. एक पैज लागते, जॉश हरतो आणि जेबी कात्री चालवतो. ठरल्यापेक्षा जास्त जटा कापल्या जातात. मोठ्यांच्या हिशेबात ही किरकोळ खोडी आहे. पण पंखांची उपमा आधीच मनात रुजलेली असल्यामुळे वाचणाऱ्या मुलाला नेमकं कळतं की काय कापलं गेलं. जुळ्या भावापेक्षा वेगळं असण्याची ठळक खूण गेली. पुढे जेबीच्या आयुष्यात एक मुलगी येते. आजवर अर्धं जग भावाचं होतं, आता त्यातून तोच उठून चालला आहे, हे जॉशला कुठल्याही भाषेत सांगता येत नाही. ते साठत जातं आणि एका सामन्यात पास होऊन बाहेर पडतं. चेंडू जेबीच्या तोंडावर बसतो, रक्त येतं. जॉशला संघाबाहेर बसावं लागतं आणि दोन भावांत अबोला सुरू होतो.

शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या कविता या पुस्तकात अधूनमधून येतात. जॉश एखादा अवघड शब्द घेतो, कोशासारखी व्याख्या देतो आणि मग वाक्यात उपयोग करून दाखवतो. उपयोग दरवेळी स्वतःच्या घरातलाच. सुरुवातीला हे शब्द खेळाचे, गमतीचे आहेत. मग वडिलांचा रक्तदाब वाढतो, ते डॉक्टरांकडे जायचं टाळत राहतात, आणि मुलाच्या कोशात उच्च रक्तदाब शिरतो, हृदयविकाराचा झटका शिरतो. बाप हातून निसटतो आहे आणि मुलगा एकेका शब्दाचा अर्थ घट्ट धरून उभा आहे. मुलांच्या कवितेत दुःख इतक्या संयमानं आलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

भावंडांचा अबोला आणि त्यावर कवितेचा उपाय ही गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेरून अभंगांनी त्यांची समजूत काढली, अशी कथा ताटीच्या अभंगांमागे सांगितली जाते. तिथे हेवा नाही, स्पर्धाही नाही. पण दार आतून बंद करून बसलेल्या भावाशी बोलायला साधं बोलणं अपुरं पडतं, हे त्या धाकट्या बहिणीनं ओळखलं होतं. जॉशही शेवटी भावाला माफीचं पत्र लिहितो. जेबी लगेच विरघळत नाही, आणि कवीही त्याला घाई करत नाही.

मला या अबोल्याची चव माहीत आहे. ताई आणि मी एकाच शाळेच्या खो-खो संघात होतो. पाहुणे आले की खेळाचं कौतुक ताईच्या वाट्याला यायचं आणि अभ्यासाचं माझ्या. ही वाटणी कुणी मुद्दाम केलेली नव्हती, तरी दोघींनाही ती काचायची. मलाही कुणी चपळ म्हणावं असं मला वाटायचं, तिलाही कुणी हुशार म्हणावं असं तिला वाटायचं. एकीनं दुसरीला हे कधी सांगितलं नाही. आम्ही एका खोलीत, एका टेबलाशी बसून दिवस दिवस गप्प राहायचो.

पण खो-खोत पाठलाग करणारे गडी रांगेनं चौकात बसतात ते एकाआड एक उलट दिशांना तोंड करून. आपल्या शेजारी बसलेली आपल्याच संघाची असते आणि नेमकी दुसरीकडे पाहत असते. धावणारीला आपली धाव तिच्या हाती सोपवायची, तर मागून पाठीला हात लावावा लागतो आणि त्याच वेळी तोंडानं स्पष्ट ‘खो’ म्हणावं लागतं. नुसता स्पर्श चालत नाही, नुसता शब्दही चालत नाही. अबोला धरून खो देताच येत नाही. ताईचा तळवा माझ्या पाठीवर पडायचा, तिचा आवाज यायचा, मी उठून धावायची आणि माझ्या रिकाम्या चौकात ती बसायची. घरी जे आम्हाला जमत नव्हतं, ते खेळाचा नियम आमच्याकडून करून घ्यायचा. त्या वयात ही गोष्ट कुणी कवितेतून माझ्यासमोर ठेवली असती, तर मला ताई लवकर कळली असती.

आणि आपल्याकडे खेळ कवितेत आला नाही असं नाही. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू आहे, हुतुतू आहे, फुगडी, टिपरी, हमामा आहे. मैदानातल्या डावातून तिथे परमार्थ उलगडतो. खेळाडूच्या शरीराला जे कळतं, त्यावरून मनाला जे कळायचं आहे तिथवर नेता येतं, हे सतराव्या शतकातल्या या कवीला पक्कं ठाऊक होतं. ती वाट आपल्या भाषेत केव्हाच मळलेली आहे. तिच्यावरून आजच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या घरापर्यंत, एका खोलीत वाढणाऱ्या दोन भावंडांपर्यंत नेणं बाकी आहे.

‘द क्रॉसओव्हर’च्या शेवटी वडील राहिलेले नाहीत. जॉश एकामागून एक फ्री थ्रो टाकत असतो. एकोणपन्नास सलग पडतात. पन्नासावा चेंडू तो जेबीकडे देतो. स्पर्धा संपली असं कवी म्हणत नाही. हे दोघे उद्याही एकमेकांना हरवायला बघतील. पण आपल्या विक्रमातला शेवटचा चेंडू भावाला देता आला, एवढी उंची जॉशनं गाठली. ‘भांडू नका’ म्हणून मुलांना ती गाठता येत नाही. भांडणाला रूप देणारी, नाव देणारी भाषा मिळाली तर येते.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या कवींना माझं मनापासून सांगणं आहे. खो-खो खेळणाऱ्या दोन बहिणींवर, कबड्डीत दम धरणाऱ्या दोन भावांवर मुलांसाठी अख्खं पुस्तकभर कविता लिहा. उपदेश बाजूला ठेवा, उपमा मैदानातल्या मातीतून घ्या, ओळींना पळू द्या. हेवा लपवू नका, त्याला नीट खेळू द्या. आणि आईवडिलांनो, असं पुस्तक हाती आलं तर ते दोन्ही मुलांना वेगवेगळं देऊ नका. एकच प्रत आणा आणि दोघांना एकत्र मोठ्यानं वाचायला बसवा.