परसातला कडा

मृगाचा पाऊस लागला की तैलबैलाच्या कातळभिंतीवरून पाणी ओघळू लागतं आणि आमचे चढाईचे दोर माळ्यावर जातात. कातळाला शेवाळ धरतं, कपारीत बोट ठरत नाही. पुढचे चार महिने सह्याद्री नुसता डोळ्यांनी बघायचा. हात मात्र झुरतात. म्हणून एका वर्षी मी परसात दोन खांब पुरले.

बोटांनी लटकून सराव करायची फळी झाडालाच टांगावी असं आधी मनात होतं. पण परसात होता शेवगा, आणि शेवग्याच्या फांदीवर जीव टाकू नये हे आजीने लहानपणीच बजावलेलं. चिंच असती तर गोष्ट वेगळी. खांब चार इंची, तीन फूट जमिनीत. गाडलेल्या भागाला डांबर, भोवती काँक्रीट. वर आडवी तुळई आणि पाऊस झेलायला पत्रा.

फळी मिळाली जुन्या बाजारात. पाडलेल्या कुठल्याशा वाड्याच्या चौकटीचं सागवान होतं ते. सुतारकाकांनी रंधा मारला तसा काळ्या पुटाखालून मधाचा रंग वर आला. पकडीची खोली मी वीस मिलिमीटर सांगितली होती, बोटाचं शेवटचं पेर जेमतेम टेकेल इतकी. काकांनी ती अचूक काढली. फक्त कड काटकोनात, धारदार ठेवली.

“काका, ही कड मारून द्या.”

“अहो, कड मारली तर कामाची शोभा काय राहिली?”

मी चार बोटं कडेवर ठेवून अंगाचा भार दिला आणि पेरांवर उठलेला लाल वळ त्यांना दाखवला. ते काही बोलले नाहीत. पॉलिश पेपर घेऊन बसले. मधूनमधून स्वतःचा अंगठा कडेवरून फिरवत होते. तशी गोलाई कुठल्याही तयार फळीला मला आजवर सापडलेली नाही.

लाकडावर बोटं कमावण्याची ही कल्पना माझी नव्हे. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिख या प्रस्तरारोहकाने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत तिरप्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न लावता, नुसत्या बोटांवर तो त्या चढू लागला. १९९१ मध्ये ‘आक्सिओं दिरेक्त’ हा तोवरचा सर्वांत अवघड मार्ग त्याने सर केला, त्यामागे त्या पट्ट्याच होत्या. लाकूड आणि शरीर यांचं नातं आपल्याला मल्लखांबाने केव्हाच शिकवलंय. मात्र मल्लखांबाला घर्षण कमी व्हावं म्हणून एरंडेल चोळतात. माझ्या फळीला तेलाचा हातही लागता कामा नये.

पहिल्याच पावसाळ्यात मी घाई केली. दंड भरले, जोर आला, तसा पाय उचलून एका हाताच्या लटकण्यावर गेलो. अनामिकेत ‘टक्’ असा आवाज झाला आणि तो सबंध हिवाळा मी कड्याच्या पायथ्याशी बसून काढला. स्नायू दोन-तीन महिन्यांत दाद देतात. पण बोटांतल्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्या यांच्याकडे रक्त फार थोडं पोचतं. त्यांना बळ यायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

मग आजोळच्या बुजवलेल्या विहिरीची कप्पी आणली. तुळईला ती अडकवली, जुना दोर तिच्यावरून घेऊन एक टोक कमरेच्या हार्नेसला बांधलं, दुसऱ्याला वाळूची बादली. बादलीत दहा किलो वाळू असेल, तर बोटांवरचा भार जवळजवळ तितकाच उतरतो. दहा सेकंद लटकायचं, तीन मिनिटं थांबायचं; असं पाच-सहा वेळा, आठवड्यातून दोनदा. थांबलेल्या त्या मिनिटांत पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो, ओल्या मातीतून गांडूळ सरकताना दिसतं. दर पंधरवड्याला बादलीतून एक ओंजळ वाळू काढून मी जास्वंदीच्या बुंध्याशी टाकतो.

तुम्हीही अशी फळी लावणार असाल तर जरूर लावा. पण कड गोल करून घ्या, आणि बादली रिकामी करायची घाई करू नका.