एकादशी, साबुदाणा आणि माऊली

काही माहिती निव्वळ निरुपयोगी असते. ती कळली म्हणून पगार वाढत नाही की गॅस सिलिंडर चार दिवस जास्त चालत नाही. पण कळली की दिवसभर डोक्यात भुणभुणत राहते आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मला ती गोळा करायची जुनी खोड आहे. पुड्याच्या मागचं बारीक अक्षर, वाण्याच्या पोत्यावरचा शिक्का, भाजीवालीने सहज उच्चारलेलं गावाचं नाव... असलं काहीबाही. मी तोंड उघडलं की घरचे एकमेकांकडे बघतात, "झालं हिचं सुरू."

तर मंडळी, गेल्या काही महिन्यांत जमलेली अशी बरीचशी माहिती एकाच ताटाभोवती फिरते आहे, असं माझ्या लक्षात आलं. ते म्हणजे आपलं उपवासाचं ताट. आणि त्यातली एक गोष्ट चक्क कामाला आली. ती सांगतेच, पण आधी ताट वाढू दे.

सुरुवात साबुदाण्याच्या पुड्यापासून. मागे बारीक अक्षरात 'टॅपिओका' लिहिलेलं, आणि पत्ता तमिळनाडूतल्या सेलमचा. नावात दाणा असला तरी साबुदाणा कुठल्याही कणसाला लागत नाही. टॅपिओका म्हणजे कसाव्हा नावाचा कंद, केरळात ज्याला कप्पा म्हणतात आणि मासळीच्या कालवणाबरोबर चापून खातात तोच. हा कंद धुवायचा, सोलायचा, किसून दळायचा, त्याचं दूध गाळून निवू द्यायचं, आणि खाली बसलेल्या पिठाच्या गोळ्या करून भाजून वाळवायच्या. झाला साबुदाणा.

बरं, हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून जगभर गेला. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर विशाखम तिरुनाळ महाराज होते, त्यांनी प्रजेने तो लावावा म्हणून खास प्रयत्न केले. साबुदाणा हे नाव मात्र कसाव्हाचं नाहीच. ते आलंय मलायी भाषेतल्या 'सागू'वरून. सागू हे तिकडचं माडासारखं झाड. त्याच्या खोडातल्या गराचा खरा साबुदाणा होतो आणि तो पूर्वी आपल्याकडे बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानने मलाया घेतला आणि आयात बंद पडली. मग १९४३ च्या सुमारास सेलमकडे लोकांनी टॅपिओकापासून साबुदाणा करायला घेतला, आणि तोच आपल्याकडे रुळला.

माझ्या आईचा जन्म १९४६ चा. म्हणजे आपण 'पूर्वापार' म्हणून खातो तो साबुदाणा आईपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी थोरला!

एकदा ही गंमत कळल्यावर खिचडीतल्या बाकीच्यांची चौकशी करणं आलंच. शेंगदाणे? दक्षिण अमेरिका. आपण त्यांना भुईमूग म्हणून टाकलं, म्हणजे भुईतला मूग, आणि विषय संपवला. मिरची? मेक्सिकोच्या बाजूची. तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी होती, तिच्याच नावाला एक शेपूट लावून आपण मिरची घरात घेतली. बटाटा? अँडीज पर्वतातला. याच्या नावाची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरच्या टाईनो लोकांचा शब्द, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता रताळं! युरोपियन लोकांनी दोन्ही कंदांच्या नावांचा घोळ घातला, आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे बटाट्याला रताळ्याचं नाव चिकटलं. रताळंही अर्थात अमेरिकेचंच. उत्तरेत लोकांनी आपल्या जुन्या 'आलू' या कंदाचं नाव पाहुण्याला दिलं, आपण पाहुण्याला त्याच्या (खरं तर त्याच्या शेजाऱ्याच्या) नावानेच हाक मारत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, राजगिरा तरी आपला असेल. नावातच राजा आहे! मलाही तीच आशा होती. पण मागे भाचा टेक्सासहून आला तेव्हा त्याच्या मेक्सिकन मित्राने दिलेला खाऊ घेऊन आला. आईने कागद सोडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे, ही तर राजगिऱ्याची वडी! एवढ्या लांबून हीच आणायची होती?" त्या वडीला तिकडे 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. धान्यासाठी पिकवतात तो राजगिरा मूळचा तिकडचाच, असं वनस्पतिशास्त्राची पुस्तकं सांगतात. मेक्सिकोतले आझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ मधात नाहीतर घायपाताच्या पाकात मळून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाल्यावर त्या प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश लोकांना तो धर्माचा अपमान वाटला आणि त्यांनी ते बंद पाडायचा प्रयत्न केला. म्हणजे राजगिरा तिकडेही देवाचाच होता. इकडे येऊन त्याने फक्त देव बदलला.

फळांकडे तर बघूच नका. पेरू, पपई, चिकू, अननस सगळे तिकडचे. एवढंच काय, सीताफळ आणि रामफळसुद्धा! ज्यांना आपण थेट रामसीतेच्या नावाने ओळखतो ते दोघे अमेरिकेतून आलेत हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही.

याउलट कांदा बिचारा इथला जुना रहिवासी. चरकसंहितेत त्याचा उल्लेख आहे. पण त्याला एकादशीला दारात उभं करत नाहीत आणि कालपरवा आलेला बटाटा पाटावर बसून जेवतो. याला म्हणतात नशीब.

इथवर सगळी गंमत झाली. पण मग एक प्रश्न पडला. मकाही अमेरिकेचाच, तो का नाही चालत? कारण मका हे धान्य आहे, सरळ आहे. म्हणजे आपल्या बायकांनी पाहुण्याचं गाव विचारलं नाही, जात मात्र बरोबर ओळखली. धान्य की कंद? शेतात पेरून कापलेलं की नाही? ऋषिपंचमीला हा विचार अजून स्वच्छ दिसतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणून परसातला अळू, माठ, भोपळा, सुरण, कच्ची केळी असं सगळं एकत्र शिजवायचं. उपवास म्हणजे नेहमीची भाकरी, भात, डाळ बाजूला ठेवायची. त्याऐवजी काय खायचं ही यादी त्या त्या वेळच्या बाजाराप्रमाणे बदलत गेली. नियम जुना, यादी नवी. अर्थात अपवादही आहेतच. वरी हे सरळसरळ गवतवर्गातलं धान्य, भाताचं चुलत भावंड, पण ते चालतं. आणि टोमॅटो धान्य नसूनही आमच्याकडे चालत नाही. का, ते आजीलाच माहीत.

आता ती कामाला आलेली गोष्ट.

आई १९६८ साली लग्न होऊन आली तेव्हापासून महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते. तिच्या माहेरी आजोबा माळकरी होते, त्यामुळे उपवास तिच्यासाठी हौस नाही, श्वास आहे. मधुमेह झाल्यावर ती एका वहीत साखरेचे आकडे लिहायला लागली. डॉक्टरांनी ती वही चाळली आणि पंधरा-पंधरा दिवसांनी उडी मारणारा आकडा बोटाने दाखवला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. (दाण्याचं कूट घालायची अक्कल ज्या कुणा बाईला सुचली, तिला माझा नमस्कार. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.) डॉक्टर म्हणाले, "आजी, उपवास करा, पण साबुदाणा आणि बटाटा बंद."

आईने ते ऐकलं. तिच्या पद्धतीने. "साबुदाणा नाही तर कसला उपवास? मग मी काहीच खात नाही." पुढच्या एकादशीला तिने खरंच काही खाल्लं नाही, आणि साखरेची गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी देवघरासमोर बसली ती उठेना. अंग घामाने ओलं, हात थरथरत होते. दादाने साखर तपासली तर ५८. वहिनीने साखरेचं पाणी पाजलं, पाऊण तासाने ती माणसात आली. आणि पहिलं वाक्य काय? "मोडला की गं उपवास."

पुढचा सगळा पंधरवडा आम्ही तिला समजावत होतो. दादा ओरडला. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. वहिनी रडली. मी प्रथिनं आणि कर्बोदकं यांचा तक्ता वाचून दाखवला. कशाचाही उपयोग नाही. "साठ वर्षं होत आली, आता मरताना सोडू का?" यावर कुणी काय बोलणार?

मग दशमीच्या रात्री तिच्या पायाला तेल लावताना मी आपली माझी नेहमीची बडबड सुरू केली. सेलम, मलाया, जपान, बटाट्याचं रताळं, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. तर मधेच म्हणाली, "म्हणजे माऊलींच्या वेळी यातलं काहीच नव्हतं?"

मी हिशेब केला. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. मधे दोनशे वर्षं. "नाही गं. साबुदाणा नाही, बटाटा नाही, दाणे नाहीत, मिरचीसुद्धा नाही."

"मग माऊली काय खात असतील एकादशीला?"

माऊलींच्या ताटात काय होतं ते मी कुठून सांगणार? पण त्या काळी इथे काय मिळायचं ते सांगता येत होतं. सुरण होता, शिंगाडा होता, केळी, काकडी, वरी, दूध, ताक, आलं, मिरी.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "उद्या सुरण मिळतो का बघ. आणि आमसुलं आहेत का घरात? त्याशिवाय घसा खवखवेल."

एवढंच. ना वाद, ना रडारड. मला वाटतं, आम्ही सगळे तिला 'सोड' म्हणत होतो आणि तिला सोडायचं नव्हतं. तिला आणखी मागे जाऊन धरायला काहीतरी हवं होतं.

आता तिची एकादशी डॉक्टरांना विचारून ठरलेली आहे. गोळीचं प्रमाण त्या दिवशी त्यांनी वेगळं लिहून दिलंय आणि दर तीन तासांनी काहीतरी पोटात जायलाच हवं अशी अट आहे. सकाळी ताक आणि काकडी. दुपारी आमसुलात उकडलेल्या सुरणाची भाजी, वर मिरपूड, आणि अगदी मुठीएवढी वरी. संध्याकाळी शिंगाड्याची एक पातळ भाकरी आणि दाण्याची आमटी. दाणे परदेशी असल्याची आठवण मी करून दिली, तर म्हणाली, "डॉक्टरांना चालतात ना, मग मलाही चालतात." वहीतल्या उड्या बऱ्याच कमी झाल्यात. आषाढीला मात्र ती चमचाभर साबुदाण्याची खिचडी खाते. "एवढ्या वर्षांचा आहे, त्याला एकदम कसं परकं करायचं," म्हणते.

मी आता पुढच्या माहितीच्या मागे आहे. आत्याकडे उपवासाला कोथिंबीर चालते, आमच्याकडे नाही. जिरं आमच्याकडे चालतं, मामीकडे नाही. एकाच गावातल्या, एकाच देवाच्या दोन घरांत हे असं का, ते मला शोधून काढायचंय. तुमच्या घरी काय चालतं आणि काय नाही, ते सांगाल का? आणि आजी हयात असेल तर कारणही विचारून ठेवा. विशेषतः टोमॅटोचं.