स्वल्प

म्हैसूरकडच्या सोसले गावी पंगतीत बसलो तेव्हा माझ्या पदरी दोनच कन्नड शब्द होते: स्वल्प आणि साकु. थोडं आणि पुरे. केळीच्या पानापुढे बसणाऱ्याला आणखी काय लागतं?

त्यातला स्वल्प तर घरचाच. आपल्याकडे तो विरामचिन्हाच्या नोकरीत अडकलाय; बोलताना कुणी स्वल्प चहा मागत नाही. म्हैसूरकडे मात्र हा संस्कृत शब्द दिवसभर राबतो. सोसलेच्या व्यासराज मठाची परंपरा ज्यांच्या नावानं चालते, त्या व्यासतीर्थांनी (सुमारे 1460–1539) 'न्यायामृत' संस्कृतात लिहिलं आणि पदं कन्नडात रचली. ग्रंथातून ओसरीवर यायची वाट या भागात जुनीच आहे.

"स्वल्प?" वाढप्यानं पळी उचलून विचारलं.

"स्वल्प," मी बजावलं.

भाताचं आळं हुळीनं (तिकडच्या सांबारानं) भरून वाहिलं. सारु आला (आपल्या साराचा सख्खा भाऊ, फक्त तिखट), पुन्हा स्वल्प, पुन्हा पूर. मी मापासाठी म्हणत होतो, तो होकार ऐकत होता. आपलं तरी काय वेगळं? "अगदी थोडासा घे हं" म्हणत आई वाढते तो थोडासा कुठल्या वाटीत मावतो? शेवटी साकु म्हणालो, पानावर दोन्ही हात आडवे धरले. सुटलो ते हातांमुळे.

पुण्यात भाची स्पॅनिश शिकते. तिची अडचण याच घरातली. 'उन पोको दे आग्वा' म्हणजे आहे थोडं पाणी; त्यातले 'उन', 'दे' गेले की उरतं 'पोका आग्वा', म्हणजे पाणी कमीच. शिवाय आग्वा स्त्रीलिंगी, म्हणून पोकोची पोका. लिंगाचं तिला काही वाटलं नाही, बराच-बरीच-बरंच करत वाढलेली पोर. अडली ती त्या 'उन'पाशी. मी म्हटलं, आपण 'थोडं आहे'ला 'थोडंच आहे' करतो, तसं. 'च' लागला की तांब्या रिकामा दिसायला लागतो.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडत होता, "स्वल्प मुंदे होगि!" पुढे सरकायला तसूभर जागा नव्हती, तरी सगळे सरकले. मीही धीर करून बाकावरच्या आजींना म्हणालो, "स्वल्प..." पुढचं क्रियापद मला येत नव्हतं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि अर्धं बाक मोकळं केलं.