गोळी गेली कुठे?

गेले चार शनिवार आमच्या रत्नागिरीच्या घरी एक बंदूकवाला टेस्टिंगला आहे. घाबरू नका, कागदावरचा आहे :)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४ पासूनचा, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा) किंवा पाथफाइंडर हे टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ. चारपाच जण, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एक जण सगळं जग चालवणारा. आमच्यात तो हमाल मी. काय जमलं आणि काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो: योद्धा, मांत्रिक, चोर वगैरे. नवा क्लास बनवला की तो आधी खेळून बघायचा, कुठे मोडतो ते शोधायचं. म्हणजे आपलं यूएटीच, फक्त इथे युजर खरंच येतात आणि भजीही खातात.

आमचा खेळ घडतो १६६० च्या आसपासच्या राजापुरात. बंदर खरं, खाडी खरी, खाडीतला गिऱ्हा आमच्या पदरचा (आजीच्या मते तोही खराच). आतेभावाला त्यात तोड्याच्या बंदुकीचा बरकंदाज हवा होता. वहिनी पट्टा चालवते, शाळेतला एक मित्र देवऋषी आहे.

बंदूक हे या खेळांचं जुनं दुखणं आहे. पाथफाइंडरवाल्या पायझो कंपनीने 'गनस्लिंगर' हा क्लास २०११ साली पुस्तकात घेतला, त्याआधी तो लोकांकडून जाहीरपणे खेळून घेतला होता. त्यात जवळच्या टप्प्यात गोळीपुढे चिलखत जवळजवळ मोजतच नाहीत. त्याची भरपाई म्हणून फाशावर १ आला (मस्केटला १ किंवा २) की बंदूक बिघडते, आणि बिघडलेली तशीच चालवून पुन्हा बिघडली की हातात फुटते. पहिल्या शनिवारी आम्ही हेच नियम जसेच्या तसे उचलले. निकाल: आतेभाऊ दर पाळीला कोणाला तरी आडवा करतोय आणि वहिनी पट्टा घेऊन प्रेक्षकांत. "मी चहा टाकते, तुमची लढाई झाली की सांगा," म्हणाली. बग रिपोर्ट याहून स्पष्ट काय असणार?

दुसऱ्या शनिवारी मी खरेपणाकडे वळलो. तोड्याची बंदूक सरावलेल्या हाताने मिनिटाला एक-दोनदा उडायची. या खेळात एक पाळी म्हणजे सहा सेकंद. म्हणजे एका गोळीमागे पाचेक पाळ्या नुसतं भरणं आलं! मी दयाळूपणे तीन केल्या. शिवाय आषाढ लावला, कारण कोकणातली गोष्ट आणि पाऊस नाही हे कोण ऐकून घेईल? तोडा विझला, रंजक भिजली. आतेभाऊ अडीच तासांत दोन गोळ्या झाडून उरलेला वेळ मोबाईलवर होता. खरं होतं, पण भयंकर कंटाळवाणं.

तिसऱ्या शनिवारी काका येऊन बसले. वय ७८. आमच्या गावच्या घरी त्यांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. कोकणात हे नवल नाही. रानडुकरं एका रात्रीत भाताचा खाचर लोळवून जातात, माकडं तर दिवसाढवळ्या येतात. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला काका स्वतः जातात. तर काकांना मी मोठ्या उत्साहाने भरण्याचा नियम वाचून दाखवला. त्यांनी हातानेच दाखवलं: मोजून दारू, वर काथ्या, गजाने ठास, मग शिसं, परत काथ्या, परत ठास, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली केप. "केप आधी लावतो तो मरतो," एवढंच भाष्य.

मग खेळ सुरू झाला. आतेभावाने बाजारपेठेतून पळणाऱ्या एका हेरावर गोळी झाडली. फाशावर ४. "चुकली," मी म्हणालो आणि वहिनीकडे वळलो.

"चुकली म्हणजे?" काका.

"म्हणजे लागली नाही, काका."

"ते कळलं रे. गेली कुठे?"

मी पुस्तक चाळायला लागलो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात आडोशाआडच्या माणसावरचा नेम चुकला तर आडोशालाच लागला का, हे ठरवायचा एक ऐच्छिक नियम आहे. तो कोणी वापरलेला मी तरी पाहिलेला नाही. बाकी ठिकाणी चुकलेली गोळी हवेत विरते. बाण, भाले, आगीचे गोळे, सगळेच. इतकी वर्षं खेळतोय, पण हा प्रश्न टेबलावर कोणी विचारलेला आठवत नाही.

काका म्हणाले, "नळीतून निघाली म्हणजे ती कुठेतरी जाणारच." मग थोडं थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणची, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची. डुकराची पारध. हाकारेवाले खालून ओरडत येतायत, बंदूकवाले वर दबा धरून. संध्याकाळ होत आलेली, करवंदीची जाळी हलली, बार झाला. डुक्कर निसटलं. जाळीच्या पलीकडे हाकाऱ्यातला एक जण खाली बसलेला दिसला. दमला असेल असं वाटलं सगळ्यांना. मांडीत शिसं होतं.

तो माणूस वाचला. मी त्यांना पाहिलंय, आमच्याच वाडीत लंगडत चालायचे. गणपतीत काका पहिली आरती त्यांच्याकडे करून मग घरी येत, हेही लहानपणापासून पाहिलंय. घरी गणपती ताटकळत का, असं आई दरवर्षी म्हणायची. बार कोणाचा होता ते काकांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

(आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. डुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याची बातमी कोकणातल्या पेपरांत अजूनही अधूनमधून येते.)

चौथ्या शनिवारसाठी मी भरण्याच्या पाळ्या एकवर आणल्या, चिलखताचं गणित सरळ ठेवलं आणि एकच नवा नियम घातला. गोळी चुकली की नकाशावर बंदुकीपासून लक्ष्यातून पलीकडे पट्टी ठेवून रेघ ओढायची. रेघेवर जो कोणी असेल त्याच्यासाठी पुन्हा फासा, आणि तो फासा झाडणाऱ्यानेच टाकायचा, सगळ्यांसमोर.

पहिल्या तासाभरातच खेळ बदलला. वहिनी आता रेघ बघून उभी राहायला लागली. देवऋषी "थांब, मी पलीकडे आहे" असं ओरडायला लागला. आतेभाऊ, जो आधी चक्क मशीनगनसारखा खेळत होता, तो दोनदा नुसता नेम धरून बसला आणि झाडलीच नाही. त्या दोन पाळ्या सगळ्या संध्याकाळीतल्या सगळ्यात चुरशीच्या होत्या, कोणी मोबाईलला हात लावला नाही! तिसऱ्यांदा झाडली, चुकली, आणि रेघेवर जकात नाक्यावरचा कारकून होता. मी आयत्या वेळी नकाशावर ठेवलेला, नाव नसलेला. आतेभावाने फासा टाकला. १९. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी करीन. मी काही केलं नाही. वहिनीने पट्टा टाकला आणि कारकुनाला उचलून आडोशाला नेलं. हेर पळाला तो पळालाच.

एक विषयांतर करतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन तिथे गेले आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार पकडले गेले आणि १६६३ पर्यंत कैदेत राहिले. त्यांचे गोळे कुठे पडले ते त्यांना असं कळलं. हा आमच्या खेळातला पुढचा भाग आहे म्हणून सांगितलं.

असो. आतेभावाचं मत अजून वेगळं आहे. "दिवसभर ऑफिसात दुसऱ्याच्या बगची जबाबदारी घ्यायची आणि शनिवारीही तेच?" हे त्याचं वाक्य. त्याला रेघ फक्त गर्दीच्या जागी हवी, रानात नको. पण रानातच तर नको त्या माणसाला लागते, हे काकांचं म्हणणं. मला काकांचं पटतं. मतदान झालेलं नाही, वहिनी तटस्थ आहे.

येत्या शनिवारी काकांनाही पात्र हवंय. मला वाटलं बरकंदाजच मागतील, मी शीटसुद्धा भरून ठेवली होती. ती त्यांनी परत केली. त्यांना हाकारेवाला हवाय. आता त्याचा क्लास मला बनवायचाय, आणि त्याच्या हातात काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "डबा दे एक, पत्र्याचा. वाजवायला."