लेस्टरचा लांबलेला सूर्यास्त

इंग्लंडच्या मध्यभागातील लेस्टर शहरात, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या वास्तूत जैन मंदिर उभे आहे. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या सर्वांची तेथे एकाच छपराखाली सोय आहे. केनिया-युगांडातून आलेल्या कुटुंबांनी या शहरात व्यापार थाटले. पुढे मुलांच्या नोकऱ्यांनिमित्त महाराष्ट्रातील काही वडीलधारी मंडळीही येथे स्थिरावली. नगरच्या कापडबाजारात चाळीस वर्षे दुकान सांभाळलेले एक ओसवाल गृहस्थ त्यांपैकीच. दुकान पुतण्याच्या हाती सोपवून ते सपत्नीक मुलाकडे राहावयास आले.

येथील उन्हाळा त्यांना प्रारंभी थट्टेचाच वाटे. जूनमध्येही त्यांच्या अंगात स्वेटर असे. पारा २८ वर गेला की शेजारी हाशहुश करीत आणि हे गालात हसत. वैशाखात ४१-४२ अंशांत गिऱ्हाइकांपुढे ठाणे उलगडणाऱ्या माणसाला त्याचे काय!

२०२२ च्या जुलैत मात्र हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशारा दिला. तेथे असा इशारा प्रथमच दिला गेला. १९ जुलैला शेजारच्या लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये ४० चा आकडा त्यापूर्वी कधीच ओलांडला गेला नव्हता. आकडा नगरचाच होता, घर मात्र नगरचे नव्हते. तेथील विटांच्या भिंती, गालिचे, बंदिस्त खिडक्या, सारी रचना ऊब धरून ठेवण्यासाठी. छताला पंखा नाही, ओसरी नाही, निजावयास गच्ची नाही. त्यात सूर्य सोळा तास आकाशात. आदल्या रात्री तर कित्येक ठिकाणी पारा २५ च्या खाली उतरलाच नव्हता.

त्या दिवशीही त्यांनी नित्याप्रमाणे साडेसहाला चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. दुकानाच्या काळापासूनची ती वेळ. वास्तविक त्या दिवशी लेस्टरचा सूर्यास्त होता रात्री ९.२० च्या सुमारास. परंतु इतक्या उशिरापर्यंत खाणेपिणे त्यांना सवलत घेतल्यासारखे वाटे. सकाळी रक्तदाबाची, लघवी वाढविणारी गोळी झाली होती. दुपारभर पाणीही बेताचेच. नऊच्या आत जिना चढताना त्यांना घेरी आली आणि ते कठड्याला धरून पायरीवरच बसले.

पत्नीने उकळून निवविलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पेला पुढे केला. त्यांनी मान हलविली.

“अहो, सूर्य अजून भिंतीवर आहे,” त्या म्हणाल्या. “चौविहार सूर्याचा असतो. तुम्ही घड्याळाचा घेतलात.”

“घेतला तो घेतला.”

“मग पाठात आगार कशाला ठेवला आहे? रोज तोंडाने म्हणता तो!”

हे मात्र खरे होते. असमाधीच्या प्रसंगी औषधोपचाराची मोकळीक पच्चक्खाणाच्या पाठातच आहे. पन्नास वर्षे म्हणता म्हणता ते शब्द त्यांच्या कानांवरून नुसते गेले होते. त्यांनी पेला घेतला. सुनेने ओल्या फडक्याने हातपाय पुसले. त्यांना दवाखान्यात न्यावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक माळ अधिक फेरली, एवढेच.

सगळीच घरे इतकी सुदैवी नव्हती. त्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या दिवसांत इंग्लंडमध्ये पासष्टीपुढील सुमारे २,८०० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली, असा तेथील सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे. नगरच्या माणसाला ऊन ठाऊक असते, परंतु उन्हाने तापलेले आणि निवायला तयार नसलेले घर ठाऊक नसते.

आता त्या घरातील रीत पालटली आहे. सकाळीच पूर्वेचे पडदे ओढले जातात, खिडक्या रात्री उघडतात. गोळीच्या वेळेविषयी डॉक्टरांना विचारून झाले. फ्रिजवर सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता चिकटविला आहे आणि साडेसहाच्या पच्चक्खाणाला पत्नीने कायमची रजा दिली आहे. नगरला चौविहारापासून नवकारसीपर्यंत जवळजवळ १२ तास जात. लेस्टरच्या जुलैत ते साडेआठच भरतात. त्याची भरपाई डिसेंबर करतो. तेव्हा चारच्या आत सूर्य मावळतो, आणि मुलगा-सून कामावर असताना दोघे सव्वातीनलाच खिचडी घेऊन बसतात.

जूनमध्ये मात्र साडेनऊच्या सुमारास मागील अंगणात खुर्च्या टाकलेल्या असतात. शेजारचे इंग्रज आजोबा कुंपणावरून किती वाजले विचारतात. हे तक्ता पाहून सांगतात, “अजून सहा मिनिटे आहेत,” आणि पाण्याचा शेवटचा पेला सावकाश पितात.