वटणावळ



काल संध्याकाळी उन्हाळ कांद्याची लागवड उरकली. दोन एकर. रोप यंदा बरं साधलंय. धुक्याने शेंडे जरा पिवळे दिसतायत, पण आंबवणी बसली की सावरेल. आज रोपाबद्दलच लिहिणार होतो. टोळीचा हिशोब करायला जुन्या वह्या काढल्या आणि २०१६ चं पान समोर आलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "लागवड दोन एकर, १३,००० चेकने. चुकते."

ते 'चुकते' खोटं आहे. म्हणून रोपाचं राहू द्या, आज हेच सांगतो.

तो डिसेंबर सगळ्यांच्या लक्षात असेल. ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि इकडे लाल कांद्याचा ऐन हंगाम. बाजार समित्या काही दिवस बंद, मग चेकवर लिलाव चालू. त्याच वर्षी जुलैत आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला होता. आम्ही खूश होतो, एक कपात गेली म्हणून. चार महिन्यांत दुसरी आली.

माझा ३८ क्विंटल माल गेला, ७१० रुपयांनी. हमाली-तोलाई जाऊन हातात यायचे २६,५००. व्यापारी म्हणला, "रोख पाहिजे तर शेकडा चार वटाव. नाहीतर चेक घ्या." शेकडा चार म्हणजे १,०६० रुपये. माझेच पैसे मला द्यायला हजार रुपये! मी तावातावाने चेक घेतला. चेकवर तारीख दहा दिवस पुढची, वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. या रेघांचा अर्थ असा की हा चेक काउंटरवर कुणालाच रोख मिळणार नाही, खात्यातच भरावा लागणार. व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या शहरात, माझं इथल्या छोट्या बँकेत. म्हणजे चेक आधी वसुलीला जाणार, तिकडून पैसे येणार, मग माझ्या खात्यात जमा. एकोणीस दिवस लागले. जमा किती, तर २६,३८५. शंभर रुपये वसुलीचा चार्ज आणि त्यावर पंधरा टक्क्यांनी पंधरा रुपये सेवाकर.

या कापलेल्या पैशाला आपल्याकडे जुना शब्द आहे, वटणावळ. आमचे वडील पोस्टाने एक मासिक मागवायचे. त्यात वर्गणीच्या चौकटीखाली बारीक अक्षरात असायचं, बाहेरगावच्या चेकला वटणावळ जादा पाठवावी. मी शाळेत असताना विचारलं, म्हणजे काय? वडील म्हणले, "कागदाचे पैसे करायची मजुरी." दळणावळ, शिलाई, तशी वटणावळ. मजुरी म्हणल्यावर ती कुणीतरी द्यायचीच, पण कुणी द्यायची हे मासिकवाल्याने छापून ठेवलेलं असायचं. बाजारात ते कुणी छापत नाही.

तर ते एकोणीस दिवस चेक गावोगाव फिरत होता, तेव्हा माझ्या वावरात टोळी लागवड करत होती. सुरगाण्याकडची माणसं. मुकादम, त्याची बायको धरून सतरा बाया. एकरी साडेसहा हजार उक्ते, दोन एकर तीन दिवसांत ओढलं. थंडीत गुडघाभर चिखलात वाकून सकाळी सात ते अंधार पडेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मुकादम ओट्यावर येऊन बसला. पुढचा वावर पाच किलोमीटरवर ठरलेला, बायांना बाजार करायचा होता.

माझ्या खात्यात आधीची शिल्लक होती, अगदीच कोरडं नव्हतं. पण कागदावर आठवड्याला २४,००० ची मर्यादा आणि आमच्या शाखेत प्रत्यक्षात चार हजार मिळायचे, तेही रोकड आली तर. आदल्या आठवड्यात मी दोनदा रांगेत उभा राहिलो होतो. एकदा पाच तासांनी काउंटरपाशी पोचलो आणि खिडकी बंद झाली. परत उभं राहायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी चेकबुक काढलं, मुकादमाच्या नावाने १३,००० चा बेअरर चेक लिहिला. 'बेअरर' शब्द खोडला नाही, रेघा मारल्या नाहीत, सही दोनदा तपासली. त्याला समजावलं, "तुझं खातं नसलं तरी चालतं. माझ्या शाखेत जा, मागे सही कर, आधार दाखव, रोख मिळेल. बँक एक रुपया कापणार नाही."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. बेअरर चेक ज्या शाखेचा आहे तिथे खातं नसलेल्या माणसालाही पैसे मिळतात, आणि आमच्या शाखेत त्याला फी नव्हती. चेक बरोबर लिहिला, नियम बरोबर सांगितला, वहीत 'चुकते' टाकलं आणि रात्री निवांत झोपलो.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या तोंडावर टोळी ठरवायला सुरगाण्याला गेलो. भाव ठरला, चहा झाला. मी उठता उठता मुकादमाची बायको चुलीपासून म्हणली, "भाऊ, पैसं दे, कागद नको देऊ."

मी म्हणलं, "का? पैसे मिळाले ना?"

"मिळालं. साडेसहाशे कमी."

मग सगळं निघालं. मुकादम पहिल्या दिवशी बँकेत गेला. दुपारपर्यंत रांग, मग रोकड संपली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पोचला तर आधारवरचं नाव आणि मी लिहिलेलं नाव जुळेना. मी आपलं आम्ही हाक मारतो ते नाव लिहिलं होतं. खातेदाराला बोलवून आणा, म्हणाले. त्याच्याकडे माझा नंबर होता, फोनमध्ये बॅलन्स नव्हता. तिकडे नवीन वावरवाला बोंबलत होता की मुकादम कुठे आहे, बाया रिकाम्या बसल्यात. शेवटी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने चेक ठेवून घेतला. शेकडा पाच कापून १२,३५० दिले. त्याचं त्या बँकेत खातं, ओळख, घाई नाही.

तेव्हा बाईची रोजी अडीचशेच्या आसपास पडायची. साडेसहाशे म्हणजे अडीच बायांचा दिवस, आणि मुकादमाचे दोन दिवस वेगळे.

आता माझं ऐका. मी काय म्हणलो असेन? "अगं बाई, मी तर पूर्ण तेराचा चेक दिला होता. त्याने दुकानदाराला कशाला दिला? मला सांगायचं." हेच म्हणलो. ती काही बोलली नाही, लाकूड आत सारलं. व्यापाऱ्यानेही मला हेच सांगितलं होतं की हो. चेक पूर्ण रकमेचा आहे, तुमची बँक कापते त्याला मी काय करू? त्या माणसाला मी वर्षभर पारावर शिव्या घातल्या होत्या.

खरं सांगायचं तर मी चेक दिला नव्हता, रांग दिली होती. माझ्या नावाची रांग त्याच्या गळ्यात घातली. वावराला ढाळ असला की पाणी शेवटच्या वाफ्यात जाऊन तुंबतं, तसं झालं. व्यापाऱ्याची अडचण माझ्याकडे, माझी मुकादमाकडे. त्याच्या खाली कोण नव्हतं, म्हणून खर्च तिथे थांबला. मला एकशे पंधरा रुपये पडले, ते मी दहा जणांना सांगितले. त्याला साडेसहाशे पडले, ते त्याने वर्षभर सांगितले नाहीत.

त्या दिवशी मी पाचशे रुपये दिले. वहीत मात्र 'उचल' म्हणून लिहिले आणि लागवडीच्या हिशोबात कापले पण. हेही वहीत आहे. लपवण्यात अर्थ नाही.

आता चेकचं कुणी विचारत नाही असं वाटेल, पण बाजारात अजून मिळतात, म्हणून थोडं कामाचं लिहून ठेवतो. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, पूर्वी सहा होते, एप्रिल २०१२ पासून तीन झाले. खातं नसलेल्या माणसाला द्यायचा असेल तर नाव ओळखपत्रावरचंच घाला आणि शक्य तर स्वतः बरोबर जा. व्यापाऱ्याचा चेक न वटता परत आला तर बँकेकडून परतीचा कागद मागून घ्या. ती खबर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवसांची मुदत, तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. कलम १३८. आमच्या गावात एकाने "देतो देतो" वर विश्वास ठेवून ते तीस दिवस घालवले आणि परतीचा चार्ज उलट त्याच्याच खात्यातून गेला.

मुकादम चार वर्षांपूर्वी वारला. टोळी आता त्याची लेक सांभाळते. तिच्याकडे मोबाईल आहे, खातं आहे. मागच्या वर्षी मी फोनवरून पैसे पाठवले, टिंग वाजलं, मला वाटलं सुटला प्रश्न. नंतर कळलं, बायांना वाटून द्यायला तिला रोखच लागते, आणि तिच्या गावाजवळ अंगठा लावून पैसे देणारं जे केंद्र आहे तिथे हजाराला दहा घेतात. त्या माणसाला बँकेकडून कमिशन मिळतं, तरी वरून घेतो. पंचवीस हजाराला अडीचशे. खातं आलं, पण वटणावळ काही गेली नाही.

म्हणून यंदा मी परवा आणि काल असं दोनदा तालुक्याला जाऊन एटीएममधून रोख काढून आणली. एटीएमचा चार्ज लागला असता तरी माझ्या खात्याला. काल रात्री ओट्यावर मोजून दिले. ती मोजायला पटाईत आहे, एका दमात मोजलं आणि म्हणली, "भाऊ, साडेसहाशे जास्त आलं."

मी म्हणलं, "तुझ्या बापाचे आहेत. चेकचे."

तिला लगेच आठवलं नाही. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल, बहुतेक त्या सतरांत होतीच. मग बोटं मोजायला लागली. ही आता येत नाही, ती द्राक्षावर गेली, त्या दोघी आहेत. बराच वेळ मोजत होती. शेवटी नोटा वेगळ्या करून पदराला बांधल्या आणि "देते वाटून" म्हणली.

वहीतलं 'चुकते' मी खोडलं नाही. खाली कालची तारीख घातली.

लाईट आज रात्री दोनला येणार आहे. आंबवणी द्यायची आहे, आता झोपतो.